तांबं, कथील आणि मारियानाबाई

पत्र्याचा एक बिल्ला माझ्या देवघराच्या खणात, कुंकवाच्या कोयरीशेजारी ठेवलेला आहे. रुपयाच्या नाण्याएवढाही नाही. वरचा जांभळा रंग कडेनं उडालाय, मधलं एम हे अक्षर तेवढं शाबूत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये पैसे भरले की २०१३ पर्यंत असा बिल्ला मिळायचा. तो कोटाला लावायचा आणि दिवसभर कुठंही हिंडायचं. पाटीवर प्रवेशाची रक्कम लिहिलेली असे, पण ती सुचवलेली. आपण देऊ ती चाले. १९९६ च्या नोव्हेंबरात मी खिडकीवर एक डॉलर ठेवला. त्या दिवसाचं देणं माझ्याकडून अजून फिटलेलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्याच्या तांबट आळीतली. कसबा पेठेत आमचं घर, वर राहायचं आणि खाली कारखाना. अण्णा, म्हणजे माझे वडील, घंगाळं, बंब, हंडे घडवायचे. सकाळी आळीत ठोके सुरू झाले की ते दिवेलागणीला थांबायचे. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की कानांवर हात ठेवायच्या. मला उलटं व्हायचं. ठोके मध्येच थांबले की मी अभ्यासातून मान वर करायची, काय झालं म्हणून.

अण्णांच्या कामातला शेवटचा भाग मठारण्याचा. भांडं आकाराला आलं, सांधे जुळले, घासून लाल झालं की मग गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकसारखे ठोके देत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा गोल चट्टा उमटतो. चट्ट्याला चट्टा लागून ओळ होते, ओळीला ओळ लागून सगळं भांडं भरतं. त्यानं तांबं कडक होतं आणि उजेड पडला की भांडं हजार ठिकाणी चमकतं. एक ठोका वाकडा पडला तर तो कायमचा दिसतो. अण्णा तो बोटानं चाचपून शोधायचे, डोळे मिटून. माझ्या बालपणाचा मोठा भाग त्यांच्या शेजारी पाटावर बसून हे बघण्यात गेला. पण आपण काहीतरी बघतो आहोत, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

मराठी घेऊन एम. ए. झाले. १९९३ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तिथं नोकरी करता येत नसे. पोळ्या, कपडे, खिडकीतून दिसणारा वाहनतळ. आमच्या इमारतीत आणखी पाचसहा मराठी बिऱ्हाडं होती, त्यातल्या बायकाही माझ्यासारख्याच. संध्याकाळी एकमेकींकडे चहाला बसायचो आणि दुपारी करत काय होतो ते एकमेकींना विचारायचं टाळायचो. त्या वर्षांत मी लिहायला बसले. आळीबद्दल, ठोक्यांबद्दल एक लेख लिहून पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवला. संपादकांचं पत्र आलं: लेखातल्या आठवणी घरगुती आहेत, भांड्यांवर एवढं लिहिण्यासारखं काय असतं, तिकडच्या जीवनाबद्दल काही असल्यास, किंवा पाककृती असल्यास, जरूर पाठवावं. ते पत्र मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. लिहिणं मात्र त्या दिवशी बंद केलं.

तर १९९६ चा नोव्हेंबर. मुलगा दीड वर्षाचा. नवरा कामासाठी आठवडाभर बाहेरगावी. घरात बसवेना म्हणून पोराला बाबागाडीत घातलं, एडिसन स्टेशनवरून गाडी पकडली, पेन स्टेशनला उतरले आणि चार नंबरच्या बसनं म्युझियमपाशी गेले. अमेरिकन विभागात पोहोचेपर्यंत पोर झोपलं. गाडी हलवली की चाळवायचा, म्हणून जिथं होते तिथंच थांबले. समोर काय आहे ते बघत उभं राहण्यावाचून इलाज नव्हता.

समोर ब्राँझचा एक पट्टा होता. उभट, अरुंद. साधारण ५२ सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर रुंद. त्यात एका बाईचा एका बाजूनं दिसणारा चेहरा. उठाव इतका कमी की मागच्या सपाटीतून चेहरा वर आलाय, का सपाटीच चेहऱ्याच्या आकारानं जराशी फुगली आहे, ते कळू नये. मी एक पाऊल डावीकडे सरकले तर गाल नाहीसा झाला आणि जबड्याची रेघ उमटली. उजवीकडे सरकले तर रेघ विरली आणि गाल परत आला. पुतळ्याभोवती फिरता येतं, त्याला जाडी असते, सावली असते. इथं शिल्पकारानं स्वतःला काही मिलिमीटरच दिलेले, आणि तेवढ्यात कान पुढे, नाक त्याच्या मागे, गळा त्याच्याही मागे, असं सगळं बसवायचं. मठारलेल्या घंगाळावर उजेड फिरतो तसा या चेहऱ्यावर फिरत होता. माझ्या डोळ्यांना ती ओळखीची गोष्ट होती. परक्या देशात तीन वर्षं झाली होती. ओळखीचं काही दिसलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग पाटी वाचली. मारियाना ग्रिसवोल्ड व्हॅन रेन्सेलर, लेखिका आणि कलासमीक्षक. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडेन्स. १८८८ मधली घडण, १८९० मधलं ओतकाम.

मी पाटी पुन्हा वाचली. ब्राँझमध्ये मी सेनापती पाहिले होते, पुढारी पाहिले होते, घोडे पाहिले होते. देव तर पाहिलेच होते. दुसऱ्यांनी केलेलं काम बघून त्याबद्दल लिहिणारी बाई ब्राँझमध्ये ओतलेली कधी पाहिली नव्हती. भांड्यांवर लिहिण्यासारखं काय असतं, असं मला विचारलं गेलं होतं. इथं एका कारागिरानं, आणि तोही त्या काळच्या अमेरिकेतला सर्वांत मोठा, अशा लिहिणारीसाठी माती मळली होती.

फ्लॅश न वापरता फोटो काढला. अंधारा आला. तरी तो पाकिटात घालून अण्णांना पाठवला आणि पंधरा दिवसांनी शेजारच्यांकडे फोन लावला. फोनकार्डावर दहाबारा मिनिटं असायची.

"मिळाला का फोटो, अण्णा?"

"मिळाला. हे ओतलेलं आहे गं. ठोकलेलं नाही."

"हो, ब्राँझ आहे."

"ते दिसतंय. पण ओतायच्या आधी मातीला हात लावणारा कसबी आहे. कुठं किती सोडायचं ते त्याला कळलंय." मग जरा थांबून, "बाई कोण?"

"लिहायची."

"काय लिहायची?"

"दुसऱ्यांनी केलेल्या कामाबद्दल. इमारती, पुतळे, चित्रं, बागा."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. कार्डावरची मिनिटं सरत होती. मग म्हणाले, "मग तिचं तोंड घडवलं ते बरोबर केलं त्यानं."

तांब्यात कथील घातलं की ब्राँझ होतं. आमच्या आळीत तांबं अण्णांसारख्यांचं आणि कथील कल्हईवाल्याचं. कल्हईवाला दारात भाता लावायचा, नवसागराचा धूर व्हायचा आणि लाल भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. हे दोन धातू मी जन्मभर शेजारी शेजारी पाहिले होते. ते एका मुशीत गेले की असा चेहरा होतो, हे पुणं सोडून इतक्या लांब आल्यावर कळलं.

त्या हिवाळ्यात मी मारियानाबाईंच्या मागे लागले. रटगर्स विद्यापीठाचं ग्रंथालय न्यू ब्रन्सविकला, आमच्यापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. तिथं बसून वाचताना समजलं की बाई १८७३ मध्ये लग्न झाल्यावर न्यू ब्रन्सविकलाच राहायला आल्या होत्या. मी ज्या गावात त्यांचं पुस्तक उघडून बसले होते, त्याच गावात. जन्म १८५१ चा, न्यूयॉर्कच्या सधन व्यापारी घराण्यातला. शिक्षण घरी शिक्षक ठेवून झालेलं. तारुण्यातली काही वर्षं जर्मनीत ड्रेस्डेनला गेली आणि तिथंच लग्न झालं. नवरा स्कायलर व्हॅन रेन्सेलर खाणींचा अभियंता. कॉलेजात त्या कधी गेल्या नाहीत. १८७६ पासून वास्तुकलेच्या एका व्यावसायिक नियतकालिकात त्यांचं लेखन येऊ लागलं. १८८४ मध्ये नवरा वारला. एक मुलगा पदरी, वय तेहतीस. पुढची दहा वर्षं त्यांनी जे लिहिलं त्याचा ढीग बघून मी थक्क झाले. 'सेंच्युरी' मासिकात अमेरिकेतल्या नव्या वास्तुकलेवर लेखमाला, चित्रकारांवर पुस्तकं, इंग्लंडमधल्या कॅथीड्रलांवर ग्रंथ.

इथं मराठी माणसाला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेत आल्या त्या न्यू जर्सीतल्याच रोझेल गावी उतरल्या. न्यू ब्रन्सविकपासून रोझेल जवळ आहे. आणि १८८८ मध्ये हा पट्टा मातीत घडत होता तेव्हा पंडिता रमाबाई याच देशात शहराशहरांतून व्याख्यानं देत होत्या. या बायका एकमेकींना भेटल्या असं मी म्हणत नाही. पण न्यू जर्सीत मी स्वतःला फार उशिरा आलेली, एकटी पडलेली समजत होते. ती समजूत त्या हिवाळ्यात गेली.

बाईंचं जे पुस्तक माझ्यावर सर्वांत जास्त चढलं ते हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदावरचं. रिचर्डसन १८८६ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचे मित्र, उद्यानकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स स्प्रेग सार्जंट यांनी ग्रंथाचं काम मारियानाबाईंना दिलं. दोन वर्षांत पुस्तक तयार. प्रती फक्त ५००. अमेरिकन वास्तुविशारदावर लिहिलेला हा पहिला स्वतंत्र ग्रंथ मानतात. पुढं १९६९ मध्ये निघालेली कागदी बांधणीची आवृत्ती मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली आणि १९९८ मध्ये ती पिशवीत घालून आम्ही तिघं बॉस्टनला गेलो. रिचर्डसनचं ट्रिनिटी चर्च तिथं आहे, १८७७ मध्ये पुरं झालेलं. नवरा आणि पोर बाहेर कबुतरांमागे. मी आत पुस्तक घेऊन.

त्या दिवशी मी बघायला शिकले, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. बाई इमारतीला छान म्हणत नाहीत आणि नावंही ठेवत नाहीत. आधी विचारतात: ही कशासाठी बांधली? कोणत्या जमिनीवर? कोणता दगड, आणि तो दगड काय करू देतो? आराखडा कसा सुचला असेल, मध्ये कुठं बदलला? या सगळ्यातून गेल्यावर मग आवड-नावड सांगतात, आणि तीही ठाम. मित्राच्या पहिल्या स्मृतिग्रंथात त्याच्या इमारतींच्या उणिवा सांगायला धैर्य लागतं. बाईंनी त्या सांगितल्या. अण्णा दुसऱ्या तांबटाचं भांडं हातात घेताना हेच करायचे. उलटं करून बूड बघायचे, टिचकी मारून नाद ऐकायचे, सांध्यावरून अंगठा फिरवायचे, आणि मग बोलायचे. मला या दोघांची जात एक वाटली.

ट्रिनिटी चर्चच्या आतल्या भिंतींची रंगचित्रं जॉन ला फार्ज याच्या हाताखाली झाली आणि त्याच्या मदतनिसांत तरुण सेंट-गॉडेन्स होता. म्हणजे ज्याच्यावर पुस्तक लिहिलं तो रिचर्डसन, आणि जिनं लिहिलं तिचा चेहरा घडवणारा, दोघांचे हात एकाच वास्तूला लागलेले. सेंट-गॉडेन्स जन्मानं डब्लिनचा, १८४८ चा. आई आयरिश, बाप फ्रेंच चांभार. तान्हा असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आलं. तेराव्या वर्षी त्याला शंख-दगडांवर चेहरे कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला घातलं. अंगठीच्या खड्याएवढ्या जागेत नाकाची रेघ चुकू न देण्याची ती सवय पुढं ब्राँझच्या पट्ट्यांत उतरली. मारियानाबाईंच्या पट्ट्याच्या आदल्याच वर्षी, १८८७ मध्ये, आजारी लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याच्यासाठी बिछान्यात बसला होता. त्याच वर्षी शिकागोत उभ्या राहिलेल्या त्याच्या लिंकनच्या पुतळ्यावर मारियानाबाईंनी 'सेंच्युरी'त लिहिलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी हा पट्टा.

पट्ट्यावर तीन लॅटिन शब्द आहेत: आनिमुस नोन ओपुस. भाव, काम नव्हे. मी ते वाक्य भेटीवरचं वाक्य म्हणून वाचते. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर सप्रेम भेट असं घालतात, त्या जातीचं: माझ्या हातून झालेल्या कामाकडे बघू नका, ज्या भावानं दिलं तो घ्या. देव भावाचा भुकेला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून मला ते शब्द फार गोड वाटले आणि पुढच्या फोनवर मी ते अण्णांना ऐकवले.

अण्णांना पटले नाहीत. म्हणाले, "काम बरं नसतं तर भाव दिसला असता का? अंधाऱ्या फोटोत मला काय दिसलं? कामच दिसलं ना."

हे मी वहीत लिहून ठेवलं. मारियानाबाईंना आवडलं असतं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांचं सगळं लेखन याच बाजूचं आहे. बागेवर त्यांचं एक पुस्तक आहे, १८९३ मधलं. वास्तू, शिल्प आणि चित्र या तीन कलांच्या पंक्तीला उद्यानरचना ही चौथी कला बसवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नुसती झाडांची हौस पुरत नाही. झाड कुठं लावायचं आणि कुठं लावायचं नाही हे शिकावं लागतं, हा त्यातला धागा. हौस आणि कसब यांतलं अंतर त्या कधी पुसू देत नाहीत.

आता एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मला अजून त्रास होतो. १८९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बायकांना मताधिकार द्यावा का यावर मोठा वाद पेटला होता. त्या वर्षी मारियानाबाईंनी एक पुस्तिका लिहिली. आपण मताधिकार मागावा का, असा तिचा मथळा. आणि उत्तर: मागू नये. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा ग्रंथालयातून उठून बाहेर येऊन बसले. ज्या बाईनं मला तोंड उघडायला शिकवलं, तीच म्हणत होती की बायकांनी तिथं तोंड उघडू नये. माझ्या नावावर तेव्हा या देशात कामाचा परवाना नव्हता, मतही नव्हतं. इतरांनी आपल्या वतीनं ठरवणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

ही पुस्तिका झाकून ठेवून बाईंबद्दल लिहिणं मला जमलं असतं. पण मग त्यांच्याकडून शिकले काय? त्यांनी मित्राच्या इमारतीतल्या उणिवा सांगितल्या; मी त्यांच्या विचारातली सांगते. त्यांचं ते म्हणणं चूक होतं. दहा वर्षं स्वतःच्या मतावर उभं राहून, पुरुषांच्या धंद्यात पुरुषांना चार गोष्टी सुनावून, इतर बायकांसाठी मात्र ती वाट नको म्हणणं यात मोठी विसंगती आहे आणि मला ती कधीही सोडवता आलेली नाही. ऋण मानलं म्हणून सगळं मानलं असं होत नाही. अण्णांचंही सगळं मी कुठं मानलं? मुलींनी हातोडी धरू नये, हे त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत होतं.

त्याच १८९४ मध्ये बाईंचा एकुलता एक मुलगा जॉर्ज क्षयानं गेला. नवरा दहा वर्षांपूर्वी गेलेला. त्यानंतर त्या गरीब वस्तीत, स्थलांतरितांच्या पोरांना साहित्य शिकवायला जाऊ लागल्या. सार्वजनिक शाळांच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या संस्थेच्या काही वर्षं अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये सतराव्या शतकातल्या न्यूयॉर्कचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. कॉलेजची पायरी न चढलेल्या या बाईंना कोलंबिया विद्यापीठानं १९१० मध्ये डी. लिट. दिली. वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेनं आणि उद्यानकारांच्या संस्थेनं त्यांना मानद सदस्य करून घेतलं. १९३४ मध्ये त्या गेल्या.

ब्राँझचा पट्टा त्यांनी १९१७ मध्ये स्वतःच म्युझियमला देऊन टाकला. देणगीदाराचं नाव मिसेस स्कायलर व्हॅन रेन्सेलर असं नोंदलेलं आहे. पुस्तकांवरही बहुतेक ठिकाणी त्यांनी नवऱ्याचंच नाव घातलं. आपल्या आज्यांच्या पत्रांवर सौ. आणि पुढं आजोबांचं नाव असे, तसं. आणि नेमक्या त्याच १९१७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. त्या दिवशी सहासष्ट वर्षांच्या मारियानाबाईंना काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करते.

अण्णा २००१ मध्ये गेले. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा चालू होता आणि बाहेर जाऊन परत येण्याचा परवाना हातात आला नव्हता. मला जाता आलं नाही. फोनवर भावानं सांगितलं की आळीतल्यांनी त्या दिवशी ठोके बंद ठेवले. तो सन्नाटा मी इथून ऐकला, असं मला वाटतं.

त्यानंतर तेराव्या दिवशी मी लिहायला बसले. आधी परत आलेला लेख काढला आणि वाचून पाहिला. संपादकांचं एका बाबतीत खरं होतं: त्यात आठवणी होत्या, काम नव्हतं. आळीचा आवाज, अण्णांचा घाम, आईचा चहा. भांडं कसं होतं ते कुठंच नव्हतं. मी तो बाजूला ठेवला आणि मारियानाबाईंसारखी सुरुवात केली. पत्रा किती जाड. कापताना किती वाया जातो. घंगाळाचं तोंड बाहेर का वळवतात, कड्या कुठं बसवतात आणि तिथंच का. मठारताना बुडापासून वर का जातात. बंबाला मधोमध विस्तवाची नळी असते, तिच्याभोवती पाणी. तो सांधा गळला तर सगळं फुकट. जे आठवेना ते भावाला फोन करून विचारलं, त्यानं आळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. लेख पुरा व्हायला चार महिने लागले. दुसऱ्या एका मासिकानं तो छापला. मग तांब्यावर दुसरा, कल्हईवर तिसरा, पितळेच्या समयांवर चौथा. वीस वर्षं मी हेच करते आहे. माझ्यासाठी कोणी ब्राँझ ओतणार नाही, आणि त्याची मला गरजही नाही. पण कासाराच्या एका नातीनं पत्र पाठवलं होतं की आजोबांनी तुमचा लेख मोठ्यानं वाचून घेतला, दोनदा. ते पत्र बिल्ल्याच्या खाली आहे.

२००४ मध्ये पहिल्यांदा पुण्याला गेले तेव्हा माळ्यावरून एक घंगाळ खाली काढलं. माझ्या जन्माच्या वर्षी अण्णांनी घरासाठी घडवलेलं, माझी पहिली आंघोळ त्यातली. काठावर आईच्या माहेरच्यांचं नाव होतं, कारण तांबं त्यांनी दिलं होतं. आपल्या भांड्यांवर नावं असतात ती देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. घडवणाऱ्याचं नाव मी एकाही भांड्यावर पाहिलेलं नाही. भांडी विकणाऱ्या दुकानात नावं घालणारा माणूस बसतो, त्याच्याकडे ते घंगाळ नेलं आणि बुडावर अण्णांचं पूर्ण नाव, खाली तांबट आळी, कसबा पेठ, पुणे, आणि साल घालायला सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, "बाई, बुडावर? दिसणार नाही ते." मी म्हटलं, "अण्णा भांडं उलटंच करून बघायचे. तिथंच घाला."

घंगाळ आता एडिसनला आहे. मुलगा मोठा झाला, न्यूयॉर्कला राहतो. त्याला मी एकदाच त्या पट्ट्यासमोर घेऊन गेले आणि तू इथं झोपला होतास म्हणून सांगितलं.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी, माळ्यावर किंवा गावाकडच्या वाड्यात, एखादं जुनं तांब्या-पितळेचं भांडं असेल. ते खाली काढा आणि उलटं करा. कोणी घडवलं हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, आणि कळलं तर नाव, गाव आणि आळी लिहून ठेवा.